वाळूच्या पिशव्यांमधली प्रार्थना

"पिकलाय," डॉक्टरसाहेब म्हणाले. "मॅच्युअर कॅटरॅक्ट. म्हणजे डोळ्यातलं भिंग पुरतं पांढरं झालंय. मोतीबिंदू. आता काढायलाच पाहिजे."

त्यांनी माझ्या उजव्या डोळ्यावर बॅटरी धरली होती. मला दिसत होता तो नुसता पांढुरका धूर आणि धुरामागं कुणीतरी.

"आणि डावा?" मी विचारलं.

त्यांनी बॅटरी डाव्या डोळ्यावर धरली असावी. असावी म्हणते, कारण मला काहीच कळलं नाही. "डावा गेला, बाई," ते म्हणाले. "आत उजेडसुद्धा पोचत नाही. कुणी सुई घातली होती का?"

घातली होती. गावोगाव फिरणारा एक वैदू आमच्या पारावर येऊन बसला होता. तो सुईनं मोतीबिंदू खाली पाडायचा आणि माणसाला लगेच दिसायला लागायचं. मलाही दिसलं. त्याची पगडी दिसली, पाराचे दगड दिसले, आणि मी हरखून जाऊन सुई आत कशी फिरवली ते त्यालाच विचारत बसले. पुढच्या बाजारापर्यंत डोळा सुजून लाल झाला आणि ठणकत ठणकत विझला. वैदू तोवर कुठल्या कुठं निघून गेला होता.

हे ऐकून डॉक्टरसाहेबांनी बॅटरी विझवली. मग स्टूल पुढं ओढून म्हणाले, "असं बघा. तुमच्याकडं डोळा एकच आहे आणि हत्यार त्यालाच लावायचं आहे. बहुतेक डोळे चांगले होतात. काही होत नाहीत. तुमचा कुठल्या बाजूला जाईल ते मी आज सांगू शकत नाही. ऑपरेशन केलंच नाही, तर आत्ता दिसतोय तेवढा धूर राहील."

माझी सून रूथ शेजारी उभी होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची बांगडी मला रुतली.

ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांतली गोष्ट. आमच्यावर निजामाचं राज्य होतं. कचेरीच्या कागदावर उस्मानाबाद आणि आमच्या तोंडी धाराशिव, असा कारभार होता. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. जिल्ह्यात मिशनचा एक दवाखाना होता, आणि तिथं डोळ्याची ऑपरेशनं होतात हे कळल्यावर माझा मुलगा शांतवन मला आणि रूथला बैलगाडीत घालून, पुढं सर्व्हिस मोटारीत बसवून तिथं सोडून गेला. ज्यांना असंच ऑपरेशन सांगितलं आहे आणि ज्यांची तेव्हापासून झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. डोळ्याचं काय झालं ते सांगेनच. पण काळजीचं काय झालं ते मला जास्त नवलाचं वाटतं.

माझं नाव एस्तर. तेरच्या अलीकडं आमचं छोटं गाव. मालक मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर मी शिवणाच्या मशीनवर घर चालवलं. गावातल्या सगळ्या घरांतल्या चोळ्या, परकर, मुलांची अंगरखी माझ्या हातची. आणि मला प्रश्न विचारायची खोड. मालक म्हणायचे, स्वर्गाच्या दारात उभी राहून ही आधी विचारील, या दाराला बिजागऱ्या कुणी बसवल्या?

पहिलं लक्षण सुईत दिसलं. दोरा सुईच्या नेढ्यात जाईना. मला वाटलं, सुयाच वाईट यायला लागल्या, लढाईमुळं. मग दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं आणि ते मला आवडायचंसुद्धा. मग एकाचे दोन चंद्र झाले. शेवटी पाटलीणबाईंच्या चोळीची एक बाही मी उलटी जोडली. त्या काळात कापड म्हणजे सोनं. पाटलीणबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढची चोळी त्यांनी दुसरीकडं दिली. त्या दिवशी रूथ मला म्हणाली, "आत्याबाई, आता लपवू नगा. तुमाला दिसत न्हाय."

तेव्हापासून काळजी सुरू झाली. मी तिच्याकडं जरा बारकाईनं बघितलं आहे, म्हणून सांगते. ती नवीन काही सांगत नाही. एकच शिवण घालायची, उसवायची, परत घालायची, असं तिचं चालतं. डोळा गेला तर मशीन गेली. मशीन गेली तर मी शांतवनच्या एकट्याच्या पगारावर ओझं. मग मी कोपऱ्यात बसलेली म्हातारी, जिला हात धरून बाहेर न्यायचं. इथपर्यंत आलं की परत पहिल्यापासून.

आता तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती बाई, रोज संध्याकाळी घरात प्रार्थना, मग काळजी कशाची? मी पण तेच म्हणत होते. मी रोज गुडघे टेकायची, मान छातीला लावायची, डोळे मिटायची आणि देवाला सगळं सांगायची. बाही उलटी लागल्याचं, वैदूचं, शांतवनच्या पगाराचं. बारीकसारीक काही सुटू द्यायची नाही. मग आमेन म्हणायची आणि उठताना ती सगळी गाठोडी परत काखेत मारून चुलीकडं जायची. देवाजवळ काही ठेवून यायचं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी नियम सांगितले. "ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पाठीवर उताणं पडून राहायचं. मान वळवायची नाही, वाकवायची नाही, उचलायची नाही. चावायचं नाही, पातळ पेज घ्यायची. खोकायचं नाही, शिंकायचं नाही."

"शिंक आलीच तर?" मी विचारलं.

"वरच्या ओठावर बोट दाबायचं."

"आणि हसू आलं तर?"

"इथं कुणी हसवत नाही," ते म्हणाले. मग रूथकडं वळून त्यांनी सांगितलं, "कापलेली जागा आम्ही टाक्यांनी घट्ट बांधत नाही. ती आपली आपण मिटते. ती मिटेपर्यंत हिचं डोकं तुमच्या ताब्यात. ही बाई बोलणारी दिसते. तुम्ही पिशव्यांवर हात ठेवून बसा."

रूथ म्हणाली, "व्हय जी." ती म्हणाली ते तिनं तंतोतंत पाळलं, एक वेळ सोडून. ती वेळ पुढं येतेच आहे.

ऑपरेशनबद्दल लोक उगीच घाबरतात. मी जागी होते. आधी डोळ्यात थेंब घातले, मग डोळ्यामागं एक सुई टोचली. "लोकल ॲनेस्थेशिया," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. म्हणजे सगळं अंग जागं आणि फक्त डोळा झोपलेला. मला डोळ्याजवळ हात फिरत असल्याचं कळत होतं, दुखत काही नव्हतं. धुरात सावल्या इकडून तिकडं जात होत्या. एकदम तो धूरच सरकला आणि लख्ख उजेडाचा लोंढा आत आला. मी म्हटलं, "निघाला का?" डॉक्टरसाहेब म्हणाले, "आता एक शब्द बोललात तर परत आत घालीन."

तो मोतीबिंदू त्यांनी नंतर रूथला दाखवला. मसुरीच्या डाळीएवढा, पिवळसर. आमच्या तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, पावसानंतर पोरांना जुने मणी सापडतात, तसला दिसत होता म्हणे. एवढ्याशा मण्यानं माझं सगळं जग झाकलं होतं याचं मला फार नवल वाटलं.

मग पट्टी. पट्टीआड दिवस कसा जातो ते ज्याचं त्यालाच कळतं. सगळं कानांवर आलं. झाडूचा आवाज आला की सकाळ. पितळी भांडी घासायला लागले की जेवण झालं. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईचा नवरा भेटायला आला की त्याच्या जोड्याची करकर. डाव्या हाताच्या खाटेवरून एक भरदार आवाज यायचा, खर्जातला, मोठ्या घेराचा. त्या अमीनाबी. माकणीकडच्या होत्या, मुलगा अत्तर-सुरम्याची फेरी करायचा. त्यांचंही माझ्यासारखंच ऑपरेशन झालेलं, त्यांनाही पट्टी आणि पिशव्या. आवाजावरून मी त्यांचं चित्र काढलं होतं: उंच, रुंद, बसल्या तर खाट भरून बसतील अशा.

त्या वॉर्डात रोज सकाळी प्रार्थना व्हायची. मोठ्या सिस्टर दारात उभ्या राहून मोठ्यानं प्रार्थना करायच्या, ज्यांना ऐकायची ते ऐकायचे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सकाळी मला जरा ग्लानी होती, प्रार्थना केव्हा झाली ते कळलंही नाही. त्याच्या पुढच्या सकाळी मी चांगली हुशारीत होते. सिस्टरांच्या चपला दाराशी थांबल्या. "आपण प्रार्थना करू या," त्या म्हणाल्या.

पाळण्यातून उतरल्यापासून हे शब्द ऐकलेत मी. ते कानावर पडले की हात जुळतात, डोळे मिटतात आणि मान खाली जाते. त्यासाठी मनाला विचारावं लागत नाही. माझी हनुवटी छातीकडं गेली. डोकं उशीवरून उचललं गेलं. आणि ज्या रूथनं पिशव्यांवर हात ठेवायचे, तीही जन्मापासून आमच्याच मंडळीत वाढलेली. तिनंही पिशव्या सोडून हात जोडले होते आणि मान खाली घालून डोळे मिटले होते.

डोळ्यात काहीतरी चटकन उसवल्यासारखं झालं. गरम पाणी पट्टीखालून कानाकडं आलं. मी म्हटलं, "रूथ, काहीतरी झालं." रूथनं डोळे उघडले आणि ती ओरडली. सिस्टरांची प्रार्थना मध्येच थांबली.

डॉक्टरसाहेब धावत आले. त्यांनी पट्टी सोडली आणि बघितलं. 

"आयरिस प्रोलॅप्स," ते सिस्टरांना म्हणाले. मग मला, कारण मी विचारल्याशिवाय राहणार नाही हे त्यांना ठाऊक झालं होतं: "बुबुळाचा जो रंगीत पडदा असतो, तो जखमेच्या फटीतून बाहेर आलाय. तेवढा कापावा लागेल. जखम परत मिटायला पाहिजे. आत घाण गेली तर डोळा पिकेल. गेली नाही तर वाचेल."

"किती वाचेल?"

"ते पट्टी सोडल्यावर." मग त्यांनी विचारलं, "मान कशाला उचललीत? मी इतकं सांगितलं होतं."

"प्रार्थना चालली होती," मी म्हटलं.

ते स्वतः ख्रिस्ती, नगरकडचे. म्हणाले, "बाई, देवाला मान वाकवली काय आणि न वाकवली काय, तेवढंच ऐकू येतं. जखमेचं तसं नाही."

पुन्हा थेंब, पुन्हा सुई, पुन्हा पट्टी. या वेळी मी एकही प्रश्न विचारला नाही.

खाटेवर परत आणून ठेवल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वैदूच्या सुईनं एक डोळा गेला तर मी वैदूला नावं ठेवली. हा डोळा प्रार्थनेत गेला तर कुणाला नावं ठेवायची? मला देवाचा राग आला असं म्हणणार नाही. पण मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी त्याच्यापुढं वाकले आणि त्या वाकण्यानंच माझा डोळा फाटला, हे कसं काय? त्याला हे दिसलं नसेल असं होणार नाही. मग त्यानं काय बघितलं?

आणि विचारायची तर सोयच नव्हती. विचारायचं म्हणजे प्रार्थना करायची, आणि प्रार्थना म्हटलं की मान. माझा माझ्या मानेवरचा विश्वासच उडाला. मी मोठ्या सिस्टरांना सांगितलं, माझ्या कानावर प्रार्थना पडू देऊ नका. त्या बिचाऱ्या व्हरांड्यात जाऊन करायला लागल्या. दुरून नुसती गुणगुण यायची, आणि तेवढ्यानंही मी उशीला डोकं दाबून धरायची.

रूथ बोलेनाशी झाली होती. तिचे हात आता पिशव्यांवरून हलत नव्हते. पेज भरवायलाही ती शेजारच्या बाईला बोलवायची. एकदा माझ्या कपाळावर पाण्याचा थेंब पडला. मी म्हटलं, "अगं, चूक दोघींची आहे." ती म्हणाली, "माजं काम एकच हुतं, आत्याबाई." एवढंच.

काळजी आता पुरी मोकळी सुटली होती. तिला उसवायला आणि शिवायला दिवसभर मी मिळाले होते. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. जेवण उतरेना. सिस्टर म्हणाल्या, नाडी फार जलद चालली आहे, असं बरं नाही. मी त्यांना म्हटलं, नाडीला सांगा.

अमीनाबींकडून दिवसातून पाच वेळा एक पुटपुट यायची. त्या नमाज पढतात हे मला कळत होतं. आमच्या गावात मोमीन आळी आहे, नमाज मी पुष्कळदा बघितलेला. उठणं, वाकणं, गुडघे टेकणं, कपाळ जमिनीला लावणं. पण इथं पुटपुटीबरोबर काहीच वाजत नव्हतं. खाट करकरत नव्हती, कापड सळसळत नव्हतं. एरवी त्या कूस बदलायला गेल्या तरी त्यांची मुलगी ओरडायची. मग ह्या नमाज पढतात कशा? माझी खोड जागी झाली. किती दिवसांनी.

दुपारची पुटपुट संपल्यावर मी विचारलं, "अमीनाबी, तुम्ही वाकता कशा?"

"कुठं वाकते बाई?" त्या खर्जातून म्हणाल्या. "डाक्टरनं सजद्याला मनाई केलीया. पडल्या पडल्या पढते म्या."

"मग सजदा?"

"इशाऱ्यानं करायचा. मान हालत आसंल तर मानंच्या इशाऱ्यानं. मान बी बंद आसंल तर डोळ्यानं, म्हंत्यात. आता माजे डोळे बी बांधलेत." त्या हसल्या, आणि त्यांची मुलगी "अम्मा, हसू नको गं" म्हणाली. "मग राह्यलं काय? दिल. दिलानं वाकते."

"आणि ते चालतं?"

"न चालायला काय झालं? आजाऱ्याला सवलत हाय. त्याला काय दिसत न्हाय व्हय म्या कशी पडलीया ते?"

त्यांच्या धर्मात आजारी माणसासाठी वाट काढून ठेवलेली होती. आमच्यात काय होतं? मी आठवायला लागले. आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की गुडघे टेकून मान खाली घालायला मला देवानं कधी सांगितलेलंच नव्हतं. आईनं शिकवलं होतं. माझ्या लहानपणी ती माझी मान तळव्यानं हळूच दाबायची. प्रभू येशूकडं जी माणसं आणली गेली, ती बहुतेक पडलेलीच होती. खाटेवरची, रस्त्याच्या कडेची, आंधळी. त्यानं त्यांना आधी नीट उठून बसायला लावलं नाही. तो त्यांच्याजवळ गेला.

मग मला शांतवन तान्हा असतानाचा आठवला. दुपट्यावर उताणा पडलेला. त्याला मान धरता येत नव्हती, बोलता येत नव्हतं. तो नुसता वर बघायचा आणि मी त्याच्यावर वाकायची. वाकायचं काम माझं होतं.

मी तशीच पडले होते, उताणी, वाळूच्या दोन पिशव्यांमध्ये. मान हलली नाही. मी मनात म्हटलं, "बापा, मी इथं आहे." पुढं गाठोडी उघडणार होते, पण उघडली नाहीत. त्याला दिसत होती. मी एवढंच म्हटलं आणि थांबले. थांबणं मला नवीन होतं. इतकी वर्षं मीच बोलत होते.

काय झालं ते मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही. आवाज आला नाही, उजेड दिसला नाही, डोळा वाचेल असं कुणी सांगितलं नाही. छातीवर बसलेलं उठून गेलं, एवढंच. कुणीतरी माझ्यावर वाकलं आहे आणि आता माझं डोकं सांभाळायचं काम त्याचं आहे, असं वाटलं. रूथचे हात पिशव्यांवर होते, त्यांचा उबारा मला कानांशी लागत होता.

माझा स्वभाव बघा. असं झाल्यावर दुसरी कुणी स्वस्थ पडून राहिली असती. मी तपासून बघायला गेले. दात पडला की जीभ सारखी त्या जागी जाते, तशी मी मुद्दाम काळजीला शोधत गेले. डोळा गेला तर? मी स्वतःला विचारलं. मशीन जाईल. जाईल. मग? मग मी आळीतल्या मुलींना तोंडानं सांगून शिवण शिकवीन. बोटांना अजून सगळं येतं. कोपऱ्यात बसावं लागेल. बसेन. तिथं तो नसेल का? असेल. काळजीचा प्रत्येक प्रश्न होता तसाच होता, पण त्याच्याखाली आता जमीन लागत होती. आधी मी त्यातून पडतच राहायची.

मी रूथला म्हटलं, "माझ्यासाठी प्रार्थना कर."

तिचे हात दचकले. "नगं, आत्याबाई. तुमची मान..."

"मान हलणार नाही. तू हात जोडू नको. असंच डोकं धर आणि कर."

तिनं माझं डोकं दोन्ही बाजूंनी धरून, डोळे सताड उघडे ठेवून प्रार्थना केली. उघडे ठेवले होते हे तिनंच नंतर सांगितलं. म्हणाली, पयल्यांदाच उघड्या डोळ्यानं केली, लाज वाटली. प्रार्थना लहानशी होती, आणि मध्येच ती रडली. पण तिचे हात हलले नाहीत. पलीकडून अमीनाबी म्हणाल्या, "आमीन." तो आमचाही शब्द आणि त्यांचाही.

त्या दिवशी मी पेज पुरी प्यायले आणि भर दुपारी झोपले. सिस्टरांनी नाडी बघितली आणि विचारलं, "काय औषध दिलं हिला?" कुणी काही दिलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल की त्यानंतर काळजी आलीच नाही. आली. पट्टी सोडायच्या सकाळी तर ती माझ्याआधी जागी झाली होती. पण आता ती आली की तिला घेऊन कुठं जायचं ते मला ठाऊक झालं होतं. उताणं पडायचं, आणि म्हणायचं, मी इथं आहे.

डॉक्टरसाहेबांनी पट्टी सोडली. ओल्या कापसानं पापण्या पुसल्या. "उघडा. हळू."

पहिल्यांदा दिसला तो निळा रंग. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर शाईचा डाग पडला होता. निळा इतका निळा असतो हे मी पार विसरले होते. मी म्हटलं, "तुमचं पेन गळतंय."

ते खाली बघून हसले. मोठ्यानं हसले. इथं कुणी हसवत नाही म्हणणारा माणूस. आवाजावरून मी त्यांना धिप्पाड समजत होते आणि माणूस निघाला माझ्या खांद्याएवढा. "बुबुळ गोल राहिलेलं नाही," ते म्हणाले. "बाहुली कुलपाच्या भोकासारखी झाली आहे, वरून लांबट. पण आत स्वच्छ आहे. चष्मा लागेल, जाड. आणि अजून काही दिवस वाकायचं नाही."

"वाकणार नाही," मी म्हटलं. "मला आता न वाकता येतं."

मला सगळ्यांत आधी अमीनाबींना बघायचं होतं. सिस्टरांनी मला धरून हळूच वळवलं. डावीकडच्या खाटेवर घडी केलेली चादर होती. त्यांची पट्टी आदल्या दिवशी सुटली होती आणि माझी सुटायच्या आत, मी झोपेत असताना, मुलगा त्यांना गाडीतून घेऊन गेला होता. मला उठवू दिलं नाही म्हणे त्यांनी. मी रूथला विचारलं, "कशा होत्या गं दिसायला? मोठ्या असतील."

"मोठ्या कसल्या, आत्याबाई. वाळकी काडी. पोरीनं उचलून गाडीत ठेवल्या."

मी अजून कुठं बाजारात गेले की तो खर्जातला आवाज येतो का म्हणून कान देते. त्यांचा चेहरा मी बघितलेला नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करताना मला चेहरा लागत नाही, आवाज पुरतो.

आता शेवटचं सांगते. चष्मा आला, जाड भिंगाचा, नाकाला वळ पाडणारा. जखम पुरी भरली. डॉक्टरसाहेबांनी वाकायची, ओझं उचलायची सगळी मोकळीक दिली. मी घरी मशीनला तेल घातलं आणि पाटलीणबाईंना निरोप पाठवला. संध्याकाळी आमची घरची प्रार्थना. शांतवननं दिवा मध्ये ठेवला, नातवंडं बसली. "आपण प्रार्थना करू या," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. माझी गेली नाही. मला आता वाकायची मुभा होती. पण मी भिंतीला टेकून तशीच बसले, वर तोंड करून, डोळे उघडे ठेवून. ज्यानं डोळा परत दिला त्याला तो वापरात असलेला दिसू दे, असं मनात आलं.

आणि मग मला एक गंमत कळली. एवढ्या आयुष्यात मी प्रार्थनेच्या वेळी माणसं कशी दिसतात ते कधी बघितलंच नव्हतं. धाकटी नात एक डोळा उघडून दिव्यावरचा किडा बघत होती. शांतवनच्या केसांत पांढरं आलं होतं. आणि रूथ तिच्या जागेवर नव्हती. ती गुपचूप उठून माझ्या बाजूला येऊन बसली होती. जखम केव्हाच भरली होती, तरी तिनं हात जोडले नव्हते. ते माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना होते, आणि ती माझ्यावर वाकलेली होती.

मी चष्म्यातून तिच्याकडं बघत राहिले. तिचेही डोळे उघडेच होते.